कॅथलिक शाळेत दुसरीच्या वर्गावर लागताय? प्रार्थनेची नको, पहिल्या अर्ध्या तासाची तयारी करा

प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणाऱ्या ताई साताऱ्याकडच्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या, डी.एड. झालेल्या, लग्नानंतर वसईला आलेल्या. जूनपासून इथल्या एका कॅथलिक इंग्लिश मीडियम शाळेत त्यांना दुसरीचा वर्ग मिळतोय, पटावर पन्नासच्या आसपास मुलं, निम्मी ख्रिस्ती आणि निम्मी बाकीची. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. मी हिंदू आहे, तर सकाळची प्रार्थना मी घ्यायची का आणि घेताना काही चुकलं तर? दिवसभर इंग्लिशमधून वर्ग कसा सांभाळायचा? आणि सिस्टर लोक, म्हणजे शाळेतल्या नन, फार कडक असतात म्हणतात ते खरं का?

मी वसईचीच. ख्रिस्ती, घरात आमची सामवेदी बोली, चर्चमध्ये मिस्सा म्हणजे रविवारची उपासना मराठीतून, आणि नोकरी सगळी इंग्लिश मीडियमच्या प्रायमरीत, त्यातही जास्त करून पहिली-दुसरीवर. त्यामुळे मी सांगतेय ते वसई-विरार-मुंबई पट्ट्यातल्या शाळांबद्दल आहे. गोव्यात, नाशिकला, विदर्भात थोडं वेगळं असणार, तिकडच्यांनी आपापलं लिहावं.

ताई, तुम्ही प्रार्थनेला घाबरलाय पण खरी अडचण तिथे नाहीये. प्रार्थनेचे शब्द आठवड्याभरात कानात बसतात. खरी अडचण अशी की सात वर्षांची पन्नास मुलं वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या भाषा बोलत, कुणी उपाशी, कुणी रडून, कुणी रिक्षात झोपून आलेली असतात आणि अर्ध्या तासात त्यांचा एक वर्ग व्हायला हवा. कॅथलिक शाळांनी यावर काढलेला उपाय म्हणजे दिवसाची पक्की घडी. बेल, रांग, प्रार्थना, एक मिनिट शांतता, हजेरी, मग काम, आणि हे रोज त्याच क्रमाने. ही घडी तुम्हाला जमली की तुमचा धर्म कुठला हे वर्गाच्या लक्षातही राहत नाही, आणि ती जमली नाही तर मी ख्रिस्ती असूनही मला वर्ग आवरणार नाही.

आता काय काय शाळेवर अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळ्या शाळा सारख्या नाहीत. पहिलं म्हणजे शाळा चालवतं कोण. धर्मग्रामाची, म्हणजे एखाद्या चर्चच्या हद्दीतल्या पॅरिशची शाळा असेल तर चर्चचे मुख्य फादर शाळेचे मॅनेजर असतात आणि रोजचा कारभार हेडमिस्ट्रेस बघतात, त्या सिस्टर असतील किंवा साध्या शिक्षिकाही असतील. सिस्टरांच्या संघाची शाळा असेल तर सगळं त्यांच्या पद्धतीने चालतं. आणि नावात नुसतं 'सेंट' असलेल्या बऱ्याच शाळा खाजगी ट्रस्टच्या असतात, चर्चशी त्यांचा काही संबंध नसतो. दुसरं, तुमचं पद अनुदानित आहे की विनाअनुदानित. एकाच आवारात सेकंडरी अनुदानित आणि प्रायमरी विनाअनुदानित असं असू शकतं, तेव्हा अपॉइंटमेंट लेटर हातात आलं की आधी ते बघा, पगार आणि मान्यता दोन्ही त्यावर ठरतं. तिसरं, प्रार्थना कुठली म्हणतात. काही शाळा पूर्ण ख्रिस्ती प्रार्थना म्हणतात, काही फक्त देवाला उद्देशून सगळ्यांना म्हणता येईल अशी.

त्यासाठी जूनच्या आधी शाळेत एक चक्कर मारा आणि त्यांचं कॅलेंडर मागून घ्या. भिंतीवरचं नाही हो, या शाळांत मुलांच्या डायरीला कॅलेंडर म्हणतात. त्यात शाळेचे नियम, प्रार्थना, शाळेचं गीत, रजेची पानं, रिमार्कची पानं सगळं असतं. ते एकदा शांतपणे वाचलंत की निम्मी भीती जाईल.

प्रार्थनेचं कायद्याने काय आहे तेही माहीत असू द्या, कारण पालक तुम्हालाच येऊन विचारतील. संविधानाच्या कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. आणि कलम २८ मध्ये असंही आहे की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत शिकणाऱ्या कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि मूल लहान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. शिवाय भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ साली आपल्या शाळांसाठी सूचना काढल्या, त्यात इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका असं स्पष्ट म्हटलंय आणि सकाळच्या असेंब्लीत संविधानाची उद्देशिका म्हणून घ्या असंही सांगितलंय. म्हणजे तुम्ही उद्या एखाद्या मुलाला क्रुसाची खूण करायला लावली नाही तर ते चर्चच्याच सांगण्याला धरून आहे.

प्रत्यक्षात वर्गात काय होतं ते सांगते. असेंब्लीत राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना होते, हल्ली राज्यगीतही असतं. वर्गात आल्यावर छोटी प्रार्थना, ती बहुतेक ठिकाणी मुलंच पाळीपाळीने सांगतात. ख्रिस्ती मुलं क्रुसाची खूण करतात, बाकीची हात जोडून उभी राहतात. तुम्ही सरळ, शांत उभं राहायचं, बस. मी ज्या हिंदू आणि मुसलमान शिक्षिकांबरोबर काम केलंय त्यांनी असंच केलं आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही. तरी हेडमिस्ट्रेसना पहिल्याच भेटीत विचारून घ्या की माझ्याकडून काय अपेक्षा आहे. तुम्हाला एखादी गोष्ट मनाला पटत नसेल तर तेव्हाच सांगा, सप्टेंबरमध्ये सांगण्यापेक्षा ते बरं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लांब लिहायला बसले ती. बऱ्याच वर्गांत प्रार्थनेच्या शेवटी मुलांना विचारतात की आज कुणासाठी प्रार्थना करायची? मुलं हात वर करतात आणि सांगतात. तुमच्या शाळेत ही पद्धत असेल तर तिला वेळ खाणारी गोष्ट समजू नका, दिवसातली सगळ्यात कामाची तीन मिनिटं तीच आहेत. आजी आजारी आहे, मामा गल्फला चाललाय, मांजरीला पिल्लं झालीत, असं काय काय येतं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, नालासोपाऱ्याहून यायचा, कधी हात वर न करणारा. एक दिवस हात वर केला आणि म्हणाला, "टीचर, आमच्या रिक्षासाठी." मागच्या बाकावरची दोघं हसली, मी फक्त त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, ओके, आज रिक्षासाठी. पन्नास मुलांनी हात जोडून रिक्षासाठी प्रार्थना केली. रिसेसमध्ये त्याला जवळ बोलावून विचारलं तेव्हा कळलं की हप्ते थकले म्हणून वडलांची रिक्षा उचलून नेली होती. त्याच आठवड्यात त्याच्याकडे गणिताची नवी वही नव्हती आणि नियमाप्रमाणे मी कॅलेंडरमध्ये रिमार्क लिहायला हवा होता. तो रिमार्क घरी गेला असता तर त्या घरात काय झालं असतं विचार करा. शाळेच्या कपाटातली वही दिली आणि विषय संपला.

तुम्ही कुठल्याही देवाला मानत असाल, हे ऐकायला धर्म आड येत नाही. फक्त दोन गोष्टी पाळा. मुलाने सांगितलेलं स्टाफरूममध्ये चघळायचं नाही. आणि एखादं मूल घरातलं भांडण, दारू, मारहाण असं काही बोलायला लागलं तर वर्गासमोर त्याला पुढे बोलू द्यायचं नाही, "आपण ह्यासाठी मनात प्रार्थना करू" म्हणायचं आणि नंतर एकट्याने विचारायचं. गंभीर असेल तर त्याच दिवशी हेडमिस्ट्रेसच्या कानावर घालायचं, उद्यावर टाकायचं नाही.

शांततेचं पण तसंच. प्रार्थनेनंतर जी एक मिनिट शांतता असते ती मुलांना धाक दाखवून मिळत नाही, शिकवावी लागते. मारिया मॉन्टेसोरी स्वतः कॅथलिक, १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धामुळे बरीच वर्षं इथेच राहिल्या, त्यांचा शांततेचा एक खेळ आहे तो मी दुसरीला दरवर्षी घेते. मुलांना सांगायचं डोळे मिटा आणि बाहेरचं काय काय ऐकू येतं ते ऐका. पंखा, कावळा, शेजारच्या वर्गातले पाढे, पावसाची पन्हाळ. मग वर्गाच्या मागे जाऊन एकेका मुलाचं नाव अगदी हळू, कुजबुजत घ्यायचं, ज्याचं नाव ऐकू येईल त्याने आवाज न करता उठून तुमच्याकडे यायचं. आपलं नाव ऐकण्यासाठी मुलं श्वास रोखून बसतात. पन्नासच्या वर्गात एकाच दिवशी सगळ्यांची नावं होत नाहीत, म्हणून रोज एक रांग घ्या. मुलं शांतता मागायला लागतात, खरं सांगते.

आणि ते सुरातलं "गुड मॉर्निंग टीचर, गॉड ब्लेस यू टीचर" पहिल्या दिवशी तुम्हाला दचकवेल, पन्नास आवाज एकदम येतात. हसून उत्तर द्या. नंतर हजेरी घेताना मात्र नुसते रोल नंबर पुकारू नका, नाव घ्या आणि नाव घेताना मुलाकडे बघा. डिमेलो, डिसोजा, रॉड्रिग्ज, लोपीस अशी आडनावं एकाच वर्गात चार-चार जणांची असतात, इकडे यादव आणि पाटीलही तितकेच, तेव्हा पहिल्या आठवड्यात पहिल्या नावाने प्रत्येक मूल ओळखता आलं पाहिजे.

आता भाषा. इथे तुम्ही स्वतःला कमी समजताय आणि मला उलट वाटतं. तुमच्या वर्गात सामवेदी, वाडवळी, कोकणी, मराठी, हिंदी, भोजपुरी, मल्याळम, गुजराती बोलणारी मुलं असतील, आणि घरात इंग्लिश बोलणारी थोडीशीच. म्हणजे इंग्लिश बहुतेकांना परकीच आहे, तुमच्याइतकीच. भाषा नंतर शिकावी लागली की कुठे कुठे अडतं ते तुम्हाला आतून माहीत आहे, इंग्लिश बोलत वाढलेल्या टीचरला ते मुद्दाम समजून घ्यावं लागतं.

इंग्लिश मीडियमच्या प्रायमरीतला सगळ्यात मोठा घोळ सांगते. मुलं धडाधड वाचतात आणि कळत काहीच नाही. एकदा कोंबडीचा धडा होता. एक मुलगी उभी राहिली, वाक्य न अडखळता वाचलं, द हेन इज सिटिंग ऑन हर एग्ज. मी विचारलं, व्हॉट इज अ हेन? तिने आत्मविश्वासाने उत्तर दिलं, "टीचर, एच-ई-एन." स्पेलिंग बरोबर. वर्गातल्या कुणालाच त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. मग मी पुस्तक मिटायला लावलं, दोन्ही कोपरं पंखांसारखी हलवली आणि खाली बसून दाखवलं. पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं "कोंबडी!" दुसरीकडून "मुर्गी!" आणि मग काय, वर्ग सुटलाच. आमच्याकडे दहा आहेत, आमची खुडूक बसलीय, तिला हात लावला तर चोच मारते, माझी आजी तिला टोपलीखाली ठेवते. एकाला एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात हेही माहीत होतं. पाच-सात मिनिटं मी त्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलू दिलं. मग फळ्यावर लिहिलं, माय ग्रँडमदर हॅज अ हेन. ग्रँडमदरच्या जागी ज्याने-त्याने आपलं माणूस घालायचं आणि हेनच्या जागी आपला प्राणी. मासे, बकऱ्या, पोपट, म्हैस सगळं आलं, आणि त्या दिवशी मुलांनी जी वाक्यं लिहिली ती त्यांना खरंच कळलेली होती.

तेव्हा माझी पद्धत अशी. नवीन विषयाच्या सुरुवातीला घरच्या भाषेत गप्पा, मग इंग्लिश, आणि एकदा इंग्लिश सुरू झालं की प्रत्येक वाक्याचं लगेच मराठी करत बसायचं नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण प्रत्येक वाक्याचं मराठी मिळतंय म्हटल्यावर मुलं इंग्लिश वाक्य कानाआड करतात आणि मराठीची वाट बघत बसतात. त्याऐवजी चित्र, हावभाव, वस्तू. अडलंच तर एका शब्दाचं मराठी द्या आणि पुढे चला. गणितात हे सोपं जातं, चिंचोके आणि काड्यांचे जुडगे समोर असले की दशक-एकक समजायला भाषा फारशी लागत नाही, शाब्दिक उदाहरणं आली की मात्र परत गप्पांपासून सुरुवात करायची.

सूचनांसाठी दहा-बारा छोटी इंग्लिश वाक्यं ठरवून घ्या आणि वर्षभर तीच वापरा, शब्दही बदलू नका. पुस्तकं काढा, पेन्सिल खाली ठेवा, रांगेत या, माझ्याकडे बघा. प्रत्येकाला एक हाताची खूण ठरवा. जुलै संपेपर्यंत खूण बंद केली तरी चालते. धडा वर्गात वाचायच्या आदल्या रात्री घरी मोठ्याने वाचा, उच्चाराची शंका असेल तर मोबाइलवर ऐका. छोटी, सरळ वाक्यं बोला, अवघड बोलायची काही गरज नाही, सात वर्षांच्या मुलाला तीच हवी असतात.

आणि एक विनंती. काही शाळांत वर्गात मराठी किंवा हिंदी बोललं की दंड घेतात किंवा मुलाच्या गळ्यात पाटी अडकवतात. हे मी जवळून बघितलंय आणि मला ते अजिबात मान्य नाही. अशाने इंग्लिश येत नाही, मूल बोलायचंच बंद होतं. आपल्याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं केली. मुलाच्या घरातून सुरुवात करायची हे इथल्या मातीत झालेलं काम आहे, ते इंग्लिश मीडियमलाही लागू होतं. तुम्हाला तसा दंड घ्यायला सांगितलं तर नम्रपणे सांगा की मी मुलांना इंग्लिश बोलायला जास्त संधी देते, दंड नको. शिवाय २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं केलंय. म्हणजे मराठीचे तास तुमच्या शाळेतही आहेत, ते आपणहून मागून घ्या. चांगलं मराठी शिकवणारी टीचर या शाळांना खरंच हवी असते.

थोडक्यात आत्तापर्यंतचं: प्रार्थनेला शांत उभं राहायचं आणि मुलं काय सांगतात ते ऐकायचं, घडी रोज तीच ठेवायची, आणि घरच्या भाषेला सुरुवातीची पाच मिनिटं द्यायची. आता सिस्टर.

सिस्टर कडक असतात का? काही असतात. पण त्या कशाबाबत कडक असतात ते कळलं की सोपं जातं. वेळ, वह्यांचं करेक्शन आणि लॉग बुक म्हणजे काय शिकवलं त्याची नोंदवही, या तीन गोष्टींवर त्यांचं बारीक लक्ष असतं. करेक्शनमध्ये नुसती बरोबरची खूण करून पान उलटलेलं त्यांना लगेच कळतं, पन्नास वह्यांच्या ढिगातून नेमकी तीच वही त्या काढतात. लॉग बुक आठवड्याच्या आठवड्याला भरा, साचवू नका. आणि काही जमत नसेल तर आपण होऊन जाऊन सांगा. मी ज्या ज्या सिस्टरांच्या हाताखाली काम केलं त्या लपवलेल्या अडचणीवर चिडायच्या, विचारलेल्या अडचणीवर नाही. मला फळ्यावरचं अक्षर आणि फळ्याची आखणी एका वयस्क सिस्टरांनी शाळा सुटल्यावर उभं राहून शिकवली, आजही मी तारीख त्याच कोपऱ्यात लिहिते.

मुलांच्या शिस्तीबाबत मात्र एक रेघ मनात पक्की असू द्या. मारणं नाही, अंगठे धरून उभं करणं नाही, वर्गासमोर 'ढ' म्हणणं नाही. कायद्यात त्याला जागा नाहीच, आणि कॅथलिक शिक्षणाच्या परंपरेतसुद्धा दुसरा रस्ता कधीचा आहे. डॉन बॉस्को हे इटलीतल्या तुरीनचे धर्मगुरू, रस्त्यावरच्या, काम शोधत शहरात आलेल्या पोरांसाठी त्यांनी शाळा आणि वसतिगृहं काढली, १८८८ साली वारले. त्यांचं सांगणं असं की चूक झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चूक व्हायच्या आधीपासून मुलांच्या सोबत राहा. विवेक, धर्म आणि प्रेमळपणा या तीन गोष्टींवर त्यांची सगळी पद्धत उभी आहे. त्याचा रोजचा अर्थ अगदी साधा आहे, रिसेसमध्ये स्टाफरूममध्ये बसू नका, मैदानावर उभ्या राहा. रोज जमणार नाही, ड्युटी नसताना कुणी सांगणारही नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी. कोण एकटं भिंतीला टेकून उभं आहे, कोण डबा उघडतच नाही, कोणाला खेळात घेत नाहीत, हे वर्गात बसून कधीच दिसत नाही. निम्मी भांडणं तुम्ही नुसत्या तिथे दिसलात म्हणून होत नाहीत.

डब्याचं निघालंच आहे तर तेही सांगते. लेंटच्या म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्त काळाच्या शुक्रवारी ख्रिस्ती मुलांच्या डब्यात मांस-मटण नसतं, काहींच्या घरी सोमवार-गुरुवार पाळतात, काही मुलं पूर्ण शाकाहारी, काहींचा रोजा घरी असतो. दुसरीतली मुलं डबा वाटून खातात आणि ते छान आहे, पण "आधी विचारायचं, मग द्यायचं" हा नियम पहिल्याच दिवशी घाला. भस्म बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राखेचा क्रूस लावून मुलं येतात तेव्हा बाकीची विचारतात, टीचर मला पण लावा ना. दटावू नका आणि लावूही नका. चर्चमध्ये जाऊन लावून घेतात, त्यांच्या घरी आजपासून उपवासाचे दिवस सुरू झालेत, एवढं सांगितलं की पुरतं. मग विचारा तुमच्या घरी उपवास कोण करतं, आणि वर्गाला बोलायला दहा मिनिटांचा विषय मिळतो.

जरा नाजूक वेळ येते ती कॅटेकिझमच्या पिरियडला. त्या तासाला ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं, ते बहुधा तुमच्याकडे येईल. "ख्रिश्चन तिकडे, बाकीचे इकडे" असं कधी म्हणू नका. खोलीच्या नंबरावरून किंवा टीचरच्या नावावरून गट सांगा. आणि मूल्यशिक्षणाचा तास वह्या पुऱ्या करण्यात घालवू नका, ती मुलं आपण उरलेले आहोत असं समजायला लागतात. पुढे तिसरी-चौथीत ख्रिस्ती मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद म्हणजे फर्स्ट होली कम्युनियनचा विधी असतो, पांढरे कपडे, फोटो, घरी पार्टी, वर्गात महिनाभर तेच. दुसरीत तुम्हाला त्याची फक्त चाहूल लागेल, मोठ्या भावंडांमुळे. तेव्हा मुलांना एकमेकांच्या घरातले असे मोठे दिवस सांगायला लावा, कुणाच्या दादाची मुंज, कुणाच्या ताईचा पहिला रोजा. गणपतीत पाच दिवस न येणाऱ्या मुलाची टेस्ट बुडणार नाही हेही आधीच बघा, तारखा बहुतेक कॅलेंडरमध्ये असतात पण तुमच्या वर्गाच्या छोट्या चाचण्या तुमच्या हातात आहेत.

पालकांचं थोडंसंच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या मोठ्या सभेच्या, १९६५ सालच्या शिक्षणाच्या घोषणापत्रात म्हटलंय की मुलाचे पहिले शिक्षक आईवडील. शाळेतल्या मीटिंगांत हे वाक्य बोललं जातं, पण इंग्लिश न येणारी आई वर्गाच्या दाराशी आली की तिच्याशी इंग्लिशमध्ये बोलणारे लोकही असतात. तुम्ही मराठीत बोला, येईल तसं हिंदीत बोला. ओपन डेला आधी मुलाची एक चांगली गोष्ट सांगा, तीही नेमकी, "हुशार आहे" असं मोघम नको. त्या रिक्षावाल्या मुलाच्या आईला मी सांगितलं होतं की तुमचा मुलगा रोज सुटताना बाकं सरळ करून जातो. त्यानंतर ती माझ्याशी सगळं मोकळेपणाने बोलायला लागली.

पहिल्या आठवड्यात शिकवायची घाई करू नका. रांग कशी करायची, दप्तर कुठे, पाणी प्यायला कधी, बाथरूमला जायला काय म्हणायचं, वही जमा करताना कुठून कुठे द्यायची, हे सगळं करून दाखवा आणि मुलांकडून दोन-दोन वेळा करून घ्या, खेळासारखं. जूनमध्ये छत्र्या आणि रेनकोट ठेवायची जागा आधी ठरवा, नाहीतर पहिला तास त्यातच जातो. पुस्तक दोन धडे मागे राहिलं तरी चालेल, ऑगस्टमध्ये भरून निघतं. सिस्टरांनी विचारलं तर लॉग बुकमध्ये तसं लिहून ठेवलेलं दाखवा.

टाइमटेबल हातात आलं की इथे टाका, शाळेचं नाव झाकून. मूल्यशिक्षण आणि मराठीचे तास कुठे आलेत आणि लाँग रिसेसनंतर कुठला विषय लावलाय ते मला बघायचंय, कारण रिसेसनंतर लगेच इंग्लिश वाचन असेल तर हेडमिस्ट्रेसना भेटून ते सकाळी घ्यायला सांगायला हवं, आणि हे जूनच्या पहिल्या आठवड्यात बोललं तरच बदलून मिळतं.